किल्ली आणि पेडवे

पत्रकारांचे निरोप चोरून वाचतात, या संतापाने मी म्हातारपणी विद्यापीठात क्रिप्टोग्राफी, म्हणजे निरोप कुलूपबंद करायची विद्या, शिकायला लागलो. सर म्हणाले, आपली सार्वजनिक किल्ली, म्हणजे निरोपाला कुलूप घालणारा सांकेतिक मजकूर, मित्रांना पाठवा. मी ती अगम्य अक्षरं मालवणच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली आणि ग्रुप चालवणाऱ्या बबनने मलाच काढून टाकलं! रिकाम्या घरात माझ्याशी बोलणारा तेवढाच ग्रुप. फोन लावून भांडलो.

“हॅकर असोच बोलता,” बबन म्हणाला.

“मगे विचार कायतरी, जा फक्त माकाच म्हायत आसा!”

“वैनीक खंयचो मासो आवडायचो?”

“पेडवे. सुरमय सोडून बारके पेडवे!”

“बरो, तूच तो. घेतंय ग्रुपात.”

बायको गेल्यापासून तिच्याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.

“थांब रे,” मी म्हणालो. “इतक्यान खात्री होणा नाय. आजून विचार.”