एका मतासाठी

किनवटहून नांदेडला निघालेल्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोन शेतकरी बोलत होते.

"भागवत, तुझी माय खाटेवरून उठत न्हाई. मतदानाला कशी नेलीस?"

"न्हाई नेली, शेषेरावदादा. पंच्याऐंशीच्या वरच्यांचं मत घरी येऊन घेतात. अर्ज भरला होता. पाच माणसं नाल्याच्या पाण्यातून चालत आली."

"एका मतासाठी?"

"हाव. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा केला अन् मला म्हणले, तुम्ही बाहेर थांबा."

"तुला?"

"रोज घास भरवतो मी तिला. पर मायच म्हणाली, जा बाहेर."

"मग?"

"लई वेळानं आत बोलावलं. मत लिफाफ्यात बंद झालं होतं. कागदावर सही राहिली होती. सायबानं अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढं केलं, तर मायनं पेन मागितला."

"मायला लिहिता येतं?"

"मलाबी ठाऊक नव्हतं. माझी शिवांगी होस्टेलातून सुट्टीला आली, की दोघी पाटी घेऊन बसायच्या. मला वाटायचं, पोरगी खेळून राहिली."

"अन् सायेब?"

"त्यानं पॅड मिटून पिशवीत ठेवलं. माय एकेक अक्षर काढून राहिली होती, कुणी हाललं न्हाई. दादा, साठीला आलो मी. मायचं अक्षर त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं."