जुनं तोंड

भीमराज : पुन्हा म्हणा, बाबा.

जळबा : कळमनुरी. आखाडा बाळापूर. वारंगा फाटा. डोंगरकडा. अर्धापूर. नांदेड. चला, पुढं सरका. दारात उभं राहू नका.

केशरबाई : ऐकलं का रे भीमा? एक तरी अक्षर सांडलं का? लकवा मारला तवा डॉक्टर म्हणला होता, हात येईल, पाय येईल, वाचेचं सांगता येत न्हाई. आन आता बघ! काल हे शेजारच्या रूपाबाईसंगं नळावरून भांडले. अर्धा तास! मी मधी पडलेच न्हाई. म्हणलं भांडू द्या, दोन वर्सांचं तुंबलंय.

भीमराज : कधीपासून?

केशरबाई : नळाचं?

भीमराज : बोलण्याचं, माय. बाबा नीट कधीपासून बोलायला लागले?

जळबा : पोळ्यापासून. आधी 'र' आला. मग 'ट'. सरकारी दवाखान्यात सपना मॅडम हाय, बोलायला शिकवती. म्हणली, काका, रोज मोठ्यानं वाचत जा. म्या म्हणलं, वाचायचं काहून? बत्तीस वर्सं कंडक्टरकी केली, मला सगळं पाठ हाय. रोज सकाळी भिंतीकडं तोंड करून हिंगोली ते नांदेड. जाऊन येऊन.

केशरबाई : आठ महिने! भाकरी थापताना मला वाटायचं मी एसटीतच बसले.

भीमराज : मी दर आठवड्याला फोन करतो. मग फोनवर का नाही बोललात?

केशरबाई : मीच बोलू दिलं न्हाई. म्हणलं पोरगं घरी येईल तवा समोरासमोर दाखवू. ते पेढे घे. तुझ्यासाठीच आणलेत.

भीमराज : ठेव तिथं.

केशरबाई : आसं काय तोंड केलं? बापाला वाचा आली, आन तू बिनतिकिटाचा सापडल्यागत बसलास.

भीमराज : रविवारी शो आहे, माय.

केशरबाई : म्हाईत हाय की. हिंगोलीभर पोस्टर लागलेत. एकीकडं तुझं थोबाड, एकीकडं ह्यांचं. ह्यांचं वाकडं.

भीमराज : आणि खाली काय लिहिलंय?

केशरबाई : 'बाप स्वतः येतोय.'

भीमराज : मग कुठला बाप येतोय? लोकांना कुठला बाप माहितीय?

जळबा : मी एकच हाय ना, भीमा.

भीमराज : नाही बाबा. हा जो आत्ता बोलतोय ना, हा कुणालाच माहीत नाही. दोन वर्षं मी स्टेजवर तुमचं ते लकव्यातलं बोलणं करतोय. 'वालंगा फाता, उतला खाली.' एवढं म्हटलं की पुण्यात, नाशकात, नागपुरात लोक खुर्च्या बडवतात. रविवारी मुंबईहून कॅमेरे येतायत. तासाभराचा कार्यक्रम, सगळ्या जगाला मोबाइलवर दिसणार. शेवटी मी तुम्हाला स्टेजवर आणणार, तुम्ही माईक धरणार आणि तेच म्हणणार. करारात तसं लिहिलंय. सही झालीय.

जळबा : मग म्हणतो की. वारंगा फाटा, उतरा खाली.

भीमराज : ह्यात हसायचं काय?

केशरबाई : म्हंजी?

भीमराज : म्हणजे एक रिटायर कंडक्टर येतो आणि एका फाट्याचं नाव बरोबर घेतो. लोक काय करतील? उतरतील?

जळबा : भीमा, तुला खरं सांगू? मी त्येच्यासाठीच शिकलो.

भीमराज : कशासाठी?

जळबा : तुझा पहिला व्हिडिओ आला, तवा मी बाळापूरच्या स्टँडवर पेपर आणायला गेलतो. पोरं म्हणली, काका, वारंगा म्हणा. म्या मान हालवली, न्हाई. तर एक जण म्हणला, म्हणा की, तुमचं पोरगंच तर म्हणतंय. मग आपला किसनसिंग, कंट्रोलर, पंधरा वर्सं संगं डबा खाल्ला, त्येनं ते स्पीकरवर म्हणून दाखवलं. माझ्यासारखं. सारा स्टँड हसला. मी बी हसलो, अर्ध्या तोंडानं. जेवढं हालत होतं तेवढ्यानं.

केशरबाई : घरी येऊन दोन दिवस जेवले न्हाईत. म्या तुला सांगलं न्हाई. आपलेच दात आन आपलेच ओठ, सांगावं कुणाला?

जळबा : बंद कर म्हणून कसं सांगावं? तुझं पोट हाय त्येच्यावर. म्हणलं आपुनच नीट बोलू. आपुन नीट बोललो की नक्कल आपसूक खोटी पडंल. भांडण न्हाई, तंटा न्हाई.

भीमराज : म्हणजे आठ महिने भिंतीकडं तोंड करून तुम्ही माझा धंदा बंद पाडत होता.

केशरबाई : जिभेला हाड हाय का तुझ्या?

भीमराज : मी एकच मागतो, बाबा. रविवारपुरतं. दहा मिनिटं. जुन्या तोंडानं बोला.

केशरबाई : काय म्हणलास?

भीमराज : कॅमेरे गेले की नंतर हवं तेवढं नीट बोला. रूपाबाईशी दिवसभर भांडा.

केशरबाई : आरं, त्या जुन्या तोंडाला पाणी मागता येत नव्हतं. ताटली आपटायचे पाण्यासाठी. ताटली! आन तू तेबी घेतलंस तुझ्या खेळात.

भीमराज : ताटलीवर सगळ्यात जास्त हसतात, माय.

जळबा : थांब केशर. त्येला माझं ऐकू दे. भीमा, मला भेव वाटतं. एकदा ते तोंड घातलं आन परत निघालंच न्हाई तर?

भीमराज : शर्ट आहे का ते, न निघायला?

केशरबाई : मला हसू आलं न्हाई.

भीमराज : तुला कधीच आलं न्हाई! कुणालाच आलं न्हाई! बाबा, तुमी आलते ना एकदा पुण्याला? मी कॉमेडी करतो म्हणजे काय करतो ते बघायला? ते तळघर, चौदा माणसं…

जळबा : मला धरून चौदा.

भीमराज : काय काय बोललो मी त्या दिशी. माझ्या रूमवर, माझ्या नोकरीवर, गावावर, स्वतःच्या टकलावर. कुणी दात दाखवला? तुमी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. लोक वळून वळून बघत होते, हा म्हातारा कोण म्हणून. सहा वर्सं आसं चाललं. सहा! मग तुमाला लकवा झाला. मी स्टेजवर उभा, डोक्यात काहीच न्हाई, घामानं भिजलेलो. आन तोंडातून तुमचं बोलणं निघालं. आन लोक हसले, बाबा. पहिल्यांदा. मी बाहेर येऊन रस्त्यावर बसून रडलो, आनंदानं.

केशरबाई : कोणत्या दिशी?

भीमराज : काय?

केशरबाई : हे पहिलं हसू कोणत्या दिशी आलं?

भीमराज : आता तारीख कुठं लक्षात…

केशरबाई : हे नांदेडला दवाखान्यात काचेच्या खोलीत होते. चौथा दिवस. तू म्हणलास, माय, अर्जंट काम हाय, पुण्याला जाऊन येतो. म्या तुला भाकरी बांधून दिली होती. त्या दिशी का?

भीमराज : व्हय.

केशरबाई : हे जगतेत का मरतेत ते ठरलं नव्हतं, भीमा.

भीमराज : मला म्हाईत हाय. म्हणूनच तर बराबर जमलं.

जळबा : हसवायचंच हाय ना? मग मी हसवतो. नीट बोलून हसवतो. ऐक. मार्चचं ऊन, गाडी खच्चून भरलेली, आन वारंगा फाट्यावर चेकर साहेब चढले. एका म्हातारीनं कोंबडा बिनतिकिटाचा आणलेला, पदराखाली झाकून. साहेब तिच्यापाशी आले आन तेवढ्यात कोंबडा आरवला. साहेब म्हणले, कोण आरवलं? सारी गाडी गप. म्हातारी माझ्याकडं बघती. म्या म्हणलं, साहेब, कोंबडा कुठला, गजर हाय तो. डायवर दुपारचा पेंगतो म्हणून महामंडळानं नवीन बसवलाय. साहेब डायवरकडं गेले. आपला धर्मसिंग, कधी खोटं न बोलणारा माणूस. साहेब म्हणले, काय हो, हे खरंय का? धर्मसिंग म्हणतो, गजराचं म्हाईत न्हाई साहेब, पर पेंगतो ते खरंय.

(तिघंही हसतात. भीमराज सगळ्यात जास्त, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.)

केशरबाई : इतक्या वर्सांत मला न्हाई सांगलं कधी!

जळबा : घरी आल्यावर तू बोलू कुठं देती?

भीमराज : भारी हाय हे. बाबा, एकदम भारी. हे घेऊ आपण रविवारी. शेवटचं धर्मसिंगचं वाक्य तर… हे घेऊच.

जळबा : बघ! म्हणलं नव्हतं?

भीमराज : पण जुन्या तोंडानं.

जळबा : आता तू हसलास की. नीट बोललो तरी हसलास.

भीमराज : मी हसलो कारण मी तुमचा पोरगा हाय. त्या लोकांना तुमच्या कोंबड्याशी काय करायचंय? कोंबडे सगळ्यांकडं हायत. ते तोंड फक्त तुमच्याकडं होतं. नीट बोलता तर तुमी कोण, बाबा? स्टँडवर पेपर वाचणारं एक म्हातारं. तसे दहा बसतात तिथं.

केशरबाई : ऊठ. ऊठ आन चालता हो माझ्या घरातून. पेढे बी घेऊन जा.

जळबा : केशर, बस खाली.

केशरबाई : तुमाला कळलं का तो काय म्हणला?

जळबा : कान चांगले हायत माझे. ते कधीच गेले नव्हते. त्या तळघरात त्याचं तोंड बघितलंय म्या. तू न्हाई बघितलं. सगळे गप आन हा एकटा बोलून राहिला, बोलून राहिला. म्या लई बघितलं आयुष्यात, पर ते बघवलं न्हाई. सांग भीमा. कसं करायचं? मला आठवत न्हाई आता.

भीमराज : खरंच?

जळबा : सांग लवकर. माझं मन फिरायच्या आत.

भीमराज : डावा ओठ सैल सोडा. आणखी. गाल लोंबू द्या. जीभ खालच्या दातांना टेकवा. आता श्वास अर्धा बाहेर सोडून मग बोला. वालंगा.

जळबा : वारंगा.

भीमराज : र आला.

जळबा : आठ महिने लागले त्येला यायला.

भीमराज : घालवा त्येला. माझ्या तोंडाकडं बघा. वा… लं… गा.

केशरबाई : आगं माय. हुबेहूब. हा बघा, तुमच्यापरीस तुमच्यासारखा.

जळबा : वालंगा… फाटा.

भीमराज : फाता.

जळबा : फाता.

भीमराज : हां! आता आणखी थोडं खराब. थुंकी येऊ द्या. आता त्याच तोंडानं काहीबी बोला. मनात येईल ते. सवय झाली पायजे.

जळबा : काय… बोलू?

भीमराज : काहीबी. बोलत राहा.

जळबा : भीमा… तू शात वल्शांचा होईश्तोवल… तोतला बोलायचा. शालेला… माझ्याच एशतीतनं यायचा. गालीत कुनी हशलं… तुला… तल मी बेल मालायचो. गाली थांबवायचो. आन त्येला… खाली उतलवायचो.

भीमराज : माय, हे खरंय?

केशरबाई : डोंगरकड्याच्या एका बड्या माणसाला उतरवलं होतं, भर उन्हात, मधल्या रानात. त्येनं तक्रार केली. हे महिनाभर सस्पेंड होते. पर माफी मागितली न्हाई.

भीमराज : मला कधीच सांगलं न्हाई कुणी.

केशरबाई : तुला सांगायचं काय त्यात? तुला हसलेलं तुला कळू नये म्हणूनच तर उतरवायचे.

भीमराज : बाबा… हे शेवटी. ऐका. आधी कोंबडा. लोक हसून लोळायला लागले की दिवे मंद करायचे, मी बाजूला होणार, आन तुमी एकटे, आन हे. कुणाचे डोळे कोरडे राहणार न्हाईत. सारा हॉल उभा राहील. पुन्हा एकदा म्हणा. मोबाइलवर घेऊन ठेवतो, मुंबईला पाठवायला. एक शब्द बदलू नका.

केशरबाई : भीमा, आरं…

भीमराज : माय, तू मधी येऊ नको, सावली पडते. बाबा, ओठ.

जळबा : एवढं एक तरी नीट म्हणू दे, लेकरा.

भीमराज : चालू केलंय, बाबा. म्हणा.