टॉप गिअरमधला चढ

...नाही, मला एक सांगा, माणसानं इंजिनात ताकद घालायची म्हणजे घालायची तरी किती? एकशे सव्वीस हॉर्सपॉवर, तुम्हाला सांगतो, एकशे सव्वीस, त्या एवढ्याशा दोन सीटच्या, बिनछपराच्या, जवळपास माझ्याच वयाच्या स्पोर्ट्‌स गाडीत, जी कारखान्यातून नवीकोरी निघाली तेव्हासुद्धा पंच्याण्णवच्या वर गेली नव्हती... आणि आमचे बाबा ती घेऊन चढ चढून येतात, येतात म्हणजे काय, गचके खात, वर पोचेपर्यंत दोनदा बंद पडून, मग उतरतात, टोपी काढतात, टकलावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "ओढत नाही."

बस. पुढे काही नाही, मागे काही नाही. ओढत नाही.

आता बाबांनी आयुष्यभर पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढली, त्यामुळे यंत्रातलं जगात कुणाला कळत असेल तर ते त्यांनाच, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. मला काय कळतं? मी आपला शाळेच्या ऑफिसात दाखले लिहितो. गाडी त्यांची, तरुणपणी हौसेनं घेतलेली. आई गेली आणि त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली ती सात वर्षं काढली नाही. इंजिन गंजून जाम. मग डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, पुढच्या वर्षी पंचाहत्तरी, तिथवर दिवसाउजेडी चालवा, मग किल्ली मुलाकडे. ते ऐकून बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकदा टाकीचा चढ चढायचा होता."

पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता हो, गावाबाहेरचा. रविवारी आईला शेजारी बसवून ते तिथं जायचे. माझं काळीज पिळवटलं, आणि काळीज पिळवटलं की मी मूर्खपणा करतो, हे बायको लग्नापासून सांगत आलीय.

गॅरेजवाले मामा गाठले. मामा म्हणजे सगळ्या गावाचे मामा, नाकावर चष्मा, कानाला पेन्सिल. त्यांनी इंजिन पार सुटं केलं, मी रोज ऑफिस सुटलं की जाऊन पार्ट घासत बसायचो. नवे पिस्टन, नव्या रिंगा. मामा बजावून म्हणाले, "हे बघा, नवं इंजिन आवळलेलं असतं. हजार-दोन हजार किलोमीटर हळूहळू चालू दे, रिंगा बसू देत, मग मोकळं होईल." मला कुठला दम निघतोय? तिसऱ्याच दिवशी बाबांना चढावर पाठवलं. आले. टोपी काढली. ओढत नाही.

झालं, मी पेटलो. एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले, सायलेन्सर मोकळा केला. चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायचं एक मशीन असतं, त्यावर गाडी चढवली, एकशे चार. बाबा वर गेले, खाली आले. "आवाज वाढलाय," म्हणाले, "ओढत नाही." मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून घेतलं, आणि तो कॅमशाफ्ट... म्हणजे झडपा उघडमीट करणारा दांडा, तो शर्यतीचा मागवला. मामा म्हणाले, "अहो, याची सगळी ताकद वर आहे, इंजिन गरगरायला लागल्यावर. खाली काही नाही. बाबांना झेपेल?" मी म्हटलं, मामा, तुम्ही बसवा. एकशे सव्वीस! मशीनवर आकडा बघून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

आणि बाबा? सांगितलं ना मघाशी.

तुम्ही म्हणाल, तू शेजारी बसून का नाही बघितलंस? अहो, शेजारची सीट आईची. तिथं कुणी बसत नाही. कुणी म्हटलेलं नाही तसं, पण बसत नाही. मी आपला वर टाकीपाशी घड्याळ लावून उभा, आणि बाबा वळणापलीकडे एकटे.

पंचाहत्तरीला तीन आठवडे उरले आणि माझी बायको, जिला कार्ब्युरेटर म्हणजे काय हे अजून ठाऊक नाही, ती दार उघडून सरळ जाऊन बसली. "बाबा, मी येते." बाबांनी किल्ली फिरवली. गेले. वर आले. बायको उतरली, केस नीट केले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, त्यांनी गिअर बदललाच नाही. खालपासून टॉप गिअरमध्येच."

टॉपमध्ये! सगळा चढ! ताशी पस्तीसनं! अहो, माझे सगळे घोडे वर, मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या पुढे, आणि हा माणूस आयुष्यात कधी तिथं फिरकलेलाच नाही. जेवढी ताकद मी घालत होतो तेवढी त्यांच्या पायाखालची काढून घेत होतो. मी तावातावानं गेलो, म्हटलं, बाबा, चढावर गिअर खाली घेतात, एवढं साधं... तर ते शांतपणे म्हणाले, "गिअर बदलला की तुझ्या आईला मळमळायचं."

मी तसाच मागे वळलो.

गेलो मामांकडे. म्हटलं, जुना दांडा, जुना कार्ब्युरेटर, जुना सायलेन्सर, घासलेल्या हेडऐवजी दुसरं हेड बघा, सगळं पहिल्यासारखं करा. मामा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. बाबांना मी सांगितलं, गाडी धुऊन मामांकडे नुसती उभी ठेवलीय, आता तिला हात लावणार नाही. पंधरा दिवस मी आणि मामा, आणि त्याशिवाय रोज शंभरेक किलोमीटर मीच फिरवून रिंगा बसवल्या, बसून बसून कंबर गेली. मशीनवर नव्वद. नव्वदच. घातलेलं सगळं काढून टाकलं तेव्हा कुठे नव्वद.

पंचाहत्तरीला सकाळी बाबा गेले. मी टाकीपाशी. वळणापलीकडून आवाज आला, एकसारखा, कुठं अडखळला नाही, आणि गाडी वर आली, टॉपमध्ये, अगदी सावकाश. बाबांनी इंजिन बंद केलं. शेजारच्या सीटवर हात ठेवला. मग उतरले, किल्ली माझ्या हातात दिली.

"बघ," म्हणाले, "दोन आठवडे तू हात लावला नाहीस, तर कशी सुधारली."

माझ्या नखांत ग्रीस तसंच होतं. मी मुठी मिटल्या आणि म्हटलं, "हो ना बाबा. आपोआपच झालं."