जाण्यापुरतं डिझेल

...आन् म्हणं सरसकट! आवं, सरसकट म्हंजी काय आसतं, त्ये तुमाला मी सांगती. आमची म्हस अडली. सकाळपास्नं कळा देतीया, पोटातल्या रेडकाचं पाय उलटं, म्हस डोळं फिरवतीया... आन् ही नुसती म्हस न्हाय बरं का! हिच्याच दुधावर आमच्या दिपालीचं बारामतीत कालिज चाललंय! मग लावला फोन जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. तितं राजनंदिनी म्याडम हाय डाक्टर. पोरगी गुणाची, पण करणार काय? म्हणली, "साखरबाई मावशी, जीप आहे, ड्रायव्हर आहे, पण डिझेल फक्त जाण्यापुरतं आहे. येण्याचं कापलंय. खर्चात सरसकट कपात आहे ना!"

ऐकलं का? येण्याचं कापलंय! म्या म्हणलं, "बाई, आमच्या ट्रॅक्टरातलं काढून घालती की!" तर म्हणती, "खाजगी डिझेल सरकारी टाकीत चालत नाही, मावशी." बरं, मग ट्रॅक्टरनं वढत आणून सोडू जीप? "त्याला साहेबांची परवानगी लागते." मग घे की! "साहेब आता तीन तालुके बघतात, त्यांचा आज इकडचा वार नाही." घ्या! साहेबबी कापल्यालं! सरसकट म्हंजी सरसकट!

म्हस तिकडं हंबरतीया, मी हिकडं फोनवर बोंबलतीया, आन् उन्हं डोक्यावर आली. शेवटाला पोरीनंच सोडलं सगळं. "चुलीत गेली परवानगी!" म्हणली, आन् आमच्या मालकांच्या मोटारसायकलीवर पाठीमागं बसून कळसच्या रस्त्यानं आली बघा धुरळा खात! मला तर रडूच फुटलं.

पण पिशवी उघडली... कोपरापातूरचा हातमोजा, त्यो एकच! म्या म्हणलं, "दुसरा कुटं गं?" "डाळजच्या दवाखान्याला दिला, मावशी. जोडी दोघांत वाटून घ्यायची." आन् कळा याचं विंजेक्शान? "ते पुढच्या तिमाहीत." आगं, म्हस काय तिमाही बघून अडती व्हय?

मग काय, एका हातात मोजा, दुसऱ्या हाताला आमचा अंगाचा साबण, आन् लागली पोरगी वढायला. घामानं निथळली, पण हटली न्हाय. मालकांनी म्हस धरली, मी देव धरलं...

रेडीच हुती हो. काळीभोर, कपाळावर चांद. पण मेल्याली. म्याडम म्हणली, "तासभर आधी आले असते तर..." आन् तितंच शेणात बसून रडली. मी तिला पोटाशी धरलं. म्हस तेवढी वाचली, त्या रेडीला चाटत बसली. चाटतीया आपली... थांबंनाच.

मालकांनी टावेल झटकला आन् म्हणलं, "रडू नगा, म्याडम. दोनातलं एक हाताला लागलं की. सरकारी दारातनं निम्मं तरी कुणाच्या पदरात पडतं?"