रखमाजीची कणीक

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. देवाकडे मागितलं एक आणि त्यानं पुढ्यात ठेवलं भलतंच, तर तुम्ही ते घेता का? हसू नका! नाक मुरडतो आपण!

ऐका. गोदाकाठच्या एका गावात रखमाजी पखवाजी होता. त्याची बोटं चालायला लागली की टाळकरी टाळ विसरायचे! हा रखमाजी विहिरीच्या पायऱ्यांवर घसरला. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मूठ मिटेना. डॉक्टर म्हणाले, दुखलं तरी हात चालता ठेवा. पण कळ सोसायची कुणी? आपला रखमाजी थेट विठोबापुढे जाऊन बसला.

"वाजवल्याशिवाय मला जगता येत नाही. हात दे, नाहीतर मी उठत नाही."

देव बोलला? छे! कीर्तनाची वेळ झाली. पखवाज रखमाजीच्या हाताखाली शिकणाऱ्या केरबाकडे गेला. आता पखवाजाच्या डाव्या तोंडाला रोज ओली कणीक लावतात, तेव्हा तो घुमतो. केरबाची कणीक झाली सैल! पखवाज बद्द वाजायला लागला. रखमाजी नुसता तळमळत होता. तेवढ्यात त्याची बायको गोदाई परात घेऊन आली.

"वाजवता येत नाही ना, मग मळा," ती म्हणाली. "एवढी तरी सेवा तुमच्या हातची होऊ द्या."

आणि रखमाजीला त्याच्या वस्तादानं लावलेली शिस्त काय? डाव्या तोंडाची कणीक डाव्याच हातानं मळायची! अहो, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पण दर दाबाला 'विठ्ठल' म्हणत त्यानं गोळा मळला. मग रोज तेच. रोज देवाकडे हात मागायचा आणि रोज कणीक मळायचा. दोन्हींचा काही संबंध असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं!

कार्तिकात सप्ताह बसला. केरबानं गोळा उचलला आणि थबकला. गोळ्यावर बोटांचे ठसे होते — पाचही, खोल! केरबानं गळ्यातला पखवाज काढला आणि रखमाजीच्या गळ्यात घातला.

पहिली थाप पडली — धुम्! सगळं देऊळ घुमलं! गोदाई पदरानं डोळे पुसत होती, हसतही होती.

मंडळी, देवानं हात दिला का? दिला! परातीतून दिला! तुम्हीही मागा, खुशाल मागा. पण घरी जाऊन बघा, दुखतं म्हणून कुठली परात बाजूला सारून ठेवलीत. ती ओढा पुढे, नाव घ्या आणि मळा! आणि आत्ता? हात धडधाकट आहेत ना? मग उचला टाळ!