मागायचं राहिलं

वॉशिंग्टनात खासदाराच्या दाराबाहेर क्लाइड बाकावर आपल्या पाळीची वाट बघत होता. आतून खासदाराच्या मतदारसंघातल्या, टोलेडो गावच्या दोघी बाया खिदळतच बाहेर आल्या. एक ज्यू, त्झिपोरा. दुसरी पॅलेस्टिनी, विदाद.

"वीस मिनिटं ऐकलं गं त्यानं, विदाद."

"तुझ्या हैफाच्या मावशीचं ऐकून चष्मा पुसला त्यानं."

"आणि तुझ्या गाझातल्या भाचीपायी कॉफी गार झाली त्याची."

"मग 'गाझात औषधं जाऊ द्या' ह्या आपल्या पत्रावर सही करतो म्हणाला ना?"

"मला काय विचारतेस? मागायचं तुझ्याकडं होतं."

"माझ्याकडं आभार होते, त्झिपोरा."

"अगं बये, चार रविवार माझ्या स्वयंपाकघरात तालीम केली आपण."

"तालमीत मी खासदार व्हायचे, म्हणून तू मागायचीस. आजही तूच मागशील, असं धरून चालले मी."

"वाजव दार."

"तू वाजव. मला लाज वाटते."

शेवटी क्लाइडनंच उठून वाजवलं. दार खुद्द खासदारानं उघडलं.

"बरं झालं परत आलात. मघापासून विचार करतोय, ह्या बायांना हवंय तरी काय?"

विदादनं पत्र पुढं केलं.

"पेन द्या कुणीतरी."

"आधी वाचा तरी, साहेब," त्झिपोरा म्हणाली.

"वीस मिनिटं ऐकलंय की, बाई."