नडगीला करंट

...आणि वर बाबा मलाच विचारतात, "तुला कळलं कसं नाही?" आता तुम्हीच सांगा, कसं कळणार? जाणवत तर काहीच नाही ना! थांबा, पहिल्यापासून सांगते. माझ्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर. पडले नाही, धडपडले नाही, नुसती पळून पळून! आणि धावण्याची निवड चाचणी सहा आठवड्यांवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पळणं बंद. हे मशीन रोज दहा तास लाव. बारीक करंट जातो, हाड भरायला मदत होते. काहींना होते, काहींना नाही. विश्रांतीला मात्र पर्याय नाही." मी त्यातलं ऐकलं काय? मशीन!

नडगीला दोन चिकट पट्ट्या, त्यांची वायर डबीला, डबीची भिंतीला. आईनं लांबूनच विचारलं, "झिणझिण्या येतात का गं?" नाही. "गरम लागतं?" नाही. जाणवत तर काहीच नाही! बाबा म्हणाले, "मग करंट जातोय कुठे? आमच्या वेळी हाडं आपली आपण जुळायची." आमच्या वेळी! यांच्या वेळी हाडंसुद्धा आज्ञाधारक होती म्हणे!

तरी बसले हो... पंधरा दिवस, पाय स्टुलावर, नाक पुस्तकात. परवा बाबांबरोबर तपासणीला गेले. मशीन तास मोजतं. दीडशे हवे होते. डॉक्टरीणबाईंनी डबी उलटसुलट करून पाहिली, "एकतीस?" मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे.

तुम्हाला सांगते, आमचे बाबा घरात फिरतात तेच भिंतीला हात लावत! दिवा दिसला, बंद. पंखा दिसला, बंद... खाली माणूस बसलेलं का असेना! "बाबा, बटण तुम्ही बंद करत होतात?" "काही होत नाही म्हणालीस ना? मग कशाला उगाच चालू?" आणि मला पत्ता नाही, कारण जाणवत तर...!

भडकलेच मी. माझं वर्ष घालवलंत, म्हटलं! तर डॉक्टरीणबाई शांतपणे, "हाड भरायला लागलंय. बसून राहिलीस ना, त्यानं. पण यंदा चाचणी नाही. मशीन पूर्ण चाललं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं." घ्या! आता भांडू कुणाशी?

घरी आल्यावर बाबांनी स्वतः पट्ट्या चिकटवल्या, बटण दाबलं, खुर्ची ओढली, माझ्या घोट्यावर हात ठेवला आणि राखण करता करता तसेच झोपले. बाहेर मैदानावर शिट्टी वाजली... मैत्रिणी पळतायत. उठावं? पाय जरासा हलवला तर दचकून जागे, "दुखलं का गं?"... आणि पुन्हा झोपले. हात तिथेच.

डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं नव्हतं. आता घातलंय म्हणायचं... आणि हे घोरतंसुद्धा!